बेळगाव जिल्ह्यातील दोन समाध्या कशा पाहाव्यात

आरंभ बैलहोंगलपासून करावा. ब्रिटिशांच्या कैदेत १८२९ मध्ये निधन पावलेल्या कित्तूरच्या राणी चन्नम्मा यांची समाधी तेथे आहे.

नंदगडसाठी मात्र निदान अर्धा दिवस राखून ठेवावा, कारण ती जागा घाईने पाहण्यासारखी नाही. खानापूरमार्गे जावे, त्या तालुक्यात वाट मराठीतही विचारता येते. २६ जानेवारी १८३१ रोजी राणी चन्नम्मा यांच्या बाजूने ब्रिटिशांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णा यांना नंदगड येथे फाशी देण्यात आले आणि त्यांची समाधीही तेथेच आहे. जवळच्या वडाच्या झाडापाशी लोक संततीसाठी श्रद्धेने येतात, म्हणून चपला बाहेर काढून शांतपणे दर्शन घ्यावे आणि छायाचित्र टिपण्यापूर्वी तेथील ज्येष्ठांची परवानगी मागावी. आधी कित्तूरचा पडका वाडा पाहून गेल्यास, या माणसांनी कशासाठी प्राण दिले हे समाधीपुढे उभे राहिल्यावर अधिक खोलवर उमगते.