रस्टमध्ये कॉन्स्ट केव्हा आणि स्टॅटिक केव्हा वापरावे

प्रोग्रॅमभर लागणारी एखादी गोष्ट फंक्शनच्या बाहेर जाहीर करायची असेल, तर रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत कॉन्स्ट आणि स्टॅटिक असे दोन पर्याय समोर येतात. लिहिताना दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. दोन्हींचा टाइप स्पष्ट लिहावा लागतो, नाव संकेतानुसार कॅपिटल अक्षरांत असते आणि बरोबरच्या चिन्हापुढची अभिव्यक्ती कंपायलरला कंपाइल करतानाच मोजता यावी लागते. त्यामुळे ‘न बदलणारे ते कॉन्स्ट आणि बदलणारे ते स्टॅटिक’ अशी समजूत सहज होते. परंतु ती चुकीची आहे, कारण साधे स्टॅटिकही बदलता येत नाही. खरा फरक असा की कॉन्स्ट हे केवळ एक मूल्य असते, तर स्टॅटिक ही मेमरीतील एक निश्चित जागा असते.

कॉन्स्ट हे रबरी शिक्क्यासारखे असते. कोडमध्ये जिथे जिथे त्याचे नाव येते, तिथे तिथे त्या मूल्याचा नवा ठसा उमटतो, आणि त्या सर्व ठशांचा पत्ता एकच असेल अशी हमी भाषा देत नाही. स्टॅटिकचे तसे नाही. प्रोग्रॅम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत त्याचा पत्ता एकच राहतो आणि प्रत्येक फंक्शन, प्रत्येक थ्रेड (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारा कामाचा प्रवाह) त्याच जागेकडे पाहतो. म्हणून जाहीर करण्यापूर्वी स्वतःला विचारण्याचा पहिला प्रश्न ‘हे बदलेल का’ हा नसून ‘मला फक्त मूल्य हवे आहे, की सर्वांना सामाईक अशी एक जागा हवी आहे’ हा असावा.

बहुतेक वेळा उत्तर ‘फक्त मूल्य’ असेच येते. पुनर्प्रयत्नांची कमाल संख्या, बफरचा आकार, कालमर्यादा, त्रुटीसंदेशाचा मजकूर यांसाठी बिनदिक्कत कॉन्स्ट वापरावे. मजकुराच्या बाबतीत प्रत काढली जाईल अशी चिंता करू नये, कारण प्रत फक्त संदर्भाची, म्हणजे पत्ता आणि लांबी यांची होते. 64 बिटांच्या यंत्रावर ती 16 बाइटांची असते. शिवाय कॉन्स्ट हे मॅचच्या पॅटर्नमध्ये चालते आणि ट्रेटच्या, म्हणजे टाइपच्या अंगी असाव्या लागणाऱ्या क्षमतांच्या व्याख्येच्या, आत सहयोगी कॉन्स्टंट म्हणूनही जाहीर करता येते. या दोन्ही ठिकाणी स्टॅटिक चालत नाही.

मोठ्या तक्त्यांच्या बाबतीत मात्र थांबून विचार करावा. हजारो नोंदींचा शोधतक्ता अ‍ॅरेच्या रूपात कॉन्स्ट म्हणून ठेवला आणि तो अनेक ठिकाणी वापरला, तर प्रत्येक ठिकाणी संपूर्ण अ‍ॅरेची प्रत स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीवर, येण्याची शक्यता असते. कंपायलरमधील कोड सुधारणारा भाग, म्हणजे ऑप्टिमायझर, ही प्रत अनेकदा टाळतो, परंतु डीबग बिल्डमध्ये तो मदतीला नसतो आणि स्टॅक लहान असलेल्या यंत्रावर त्याच्या मर्जीवर राहणे शहाणपणाचे नाही. असा तक्ता स्टॅटिक करावा, म्हणजे त्याची एकच प्रत राहते. मायक्रोकंट्रोलरवर काम करताना न बदलणारे स्टॅटिक साधारणपणे फ्लॅश मेमरीतच राहते आणि मोजकी रॅम वाचते. मेमरीच्या ठरावीक विभागात काही ठेवायचे असेल, किंवा सी भाषेतील कोडला एखादे चिन्ह नावाने उपलब्ध करून द्यायचे असेल, तर स्टॅटिकच लागते. कॉन्स्टला पत्ताच नसल्यामुळे कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या लिंकरला त्याचे काही करता येत नाही.

सर्वांत फसवी अडचण बदलत्या स्थितीच्या बाबतीत येते. समजा, एखाद्याने सामाईक नोंदीसाठी रेफसेल (आतले मूल्य बदलू देणारा टाइप) स्टॅटिकमध्ये ठेवला. कंपायलर त्याला लगेच नकार देतो, कारण स्टॅटिक सर्व थ्रेडना दिसते, त्यामुळे त्याच्या टाइपला सिंक (अनेक थ्रेडमधून एकत्र वापरणे सुरक्षित असल्याची खूण) हा ट्रेट लागू असणे आवश्यक असते आणि रेफसेलला तो लागू नसतो. आता स्टॅटिकच्या जागी कॉन्स्ट लिहिले, की तोच कोड कंपाइल होतो, आणि नेमके हेच करू नये. पुढे प्रत्येक वापरात नवा रेफसेल तयार होतो, त्यात बदल केला जातो आणि ओळ संपताच तो टाकून दिला जातो. अ‍ॅटॉमिक गणक (जो अनेक थ्रेडना सुरक्षितपणे वाढवता येतो) कॉन्स्ट म्हणून जाहीर केला तर हेच होते: तो हजार वेळा वाढवला तरी वाचताना शून्यच मिळते. त्रुटी कुठेही फेकली जात नाही, म्हणून हा दोष शोधणे जिकिरीचे ठरते. क्लिपी हे तपासणी साधन अशा जाहीर करण्यावर इशारा देते. तो दडपून टाकू नये.

योग्य मार्ग असा: साध्या गणकासाठी किंवा ध्वजासाठी अ‍ॅटॉमिक टाइपचे स्टॅटिक घ्यावे, त्याहून गुंतागुंतीची स्थिती असेल तर स्टॅटिकमध्ये म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत जाऊ देणारे कुलूप) ठेवावे. रस्ट 1.63 पासून म्यूटेक्स कंपाइलच्या वेळीच तयार करता येते, त्यामुळे त्यासाठी वेगळी लायब्ररी लागत नाही. मूल्य प्रोग्रॅम चालू झाल्यावरच कळणार असेल, उदाहरणार्थ ते फाइलमधून वाचायचे असेल, तर 1.70 मध्ये स्थिर झालेला, एकदाच भरता येणारा वन्सलॉक किंवा 1.80 मधील लेझीलॉक वापरावा. लेझीलॉकमध्ये पहिल्या वापराच्या वेळी मूल्य तयार होते आणि त्याच क्षणी दुसरा थ्रेड तिथे पोहोचला तर तो थांबून राहतो. मूल्य कमांड लाइनवरून येणार असेल आणि ते केव्हा भरायचे हे आपणच ठरवायचे असेल, तर वन्सलॉक अधिक सोयीचा पडतो.

स्टॅटिक म्यूट, म्हणजे थेट बदलता येणारे स्टॅटिक, हा तिसरा प्रकारही भाषेत आहे, परंतु माझ्या मते नव्या कोडमध्ये त्याला जवळजवळ जागा नाही. ते वाचण्यासाठी वा लिहिण्यासाठी अनसेफ ब्लॉक (कंपायलर ज्याच्या सुरक्षिततेची हमी देत नाही असा कोड) लागतो आणि दोन थ्रेडनी एकाच वेळी हात घातला तर प्रोग्रॅमच्या वर्तनाची कोणतीही हमी उरत नाही. 2025 च्या फेब्रुवारीत 1.85 सोबत आलेल्या 2024 एडिशनमध्ये (भाषेच्या नियमांच्या नव्या संचात) त्याचा रेफरन्स, म्हणजे संदर्भ, घेणे ही डीफॉल्टने त्रुटी मानली जाते.

स्टॅटिक निवडल्यावर आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. प्रोग्रॅम संपताना स्टॅटिकमधील मूल्याचा ड्रॉप, म्हणजे शेवटची आवराआवर, चालत नाही. म्हणून त्यात बफर असलेला फाइल लेखक ठेवला असेल, तर बफरमधील उरलेला मजकूर आपणहून फाइलमध्ये ढकलावा लागतो, नाहीतर तो हरवतो. दुसरे म्हणजे जेनेरिक (अनेक टाइपसाठी चालणाऱ्या) फंक्शनच्या आत लिहिलेले स्टॅटिक प्रत्येक टाइपसाठी वेगळे तयार होत नाही, ते सर्व टाइपमध्ये एकच असते. प्रत्येक टाइपचा स्वतंत्र गणक त्यातून मिळेल ही अपेक्षा व्यर्थ आहे.

जुने कॉन्स्ट बदलून स्टॅटिक करायचे असेल, तर आधी त्याचे सर्व वापर तपासावेत. पॅटर्नमधील वापर तुटतात, आणि कॉपी ट्रेट (आपोआप प्रत होण्याची मुभा) नसलेले मूल्य स्टॅटिकमधून बाहेर काढता येत नसल्यामुळे तसे वापरही तुटतात. ते नाव लायब्ररीत सार्वजनिक असेल तर हा बदल वापरकर्त्यांचा कोड मोडणारा ठरतो, म्हणून तो मोठ्या आवृत्तीसाठी राखून ठेवावा.