डिपॉझिट पाठवताय? आदल्या दिवशी खातं जोडा

कोथरूडात फ्लॅट भाड्याने घेताना दीड लाख डिपॉझिट द्यायचंय, तर यूपीआयवर अडाल. तिथे साधारण मर्यादा दिवसाला 1 लाख. आरटीजीएस, म्हणजे मोठी रक्कम बँकेतून पाठवायची सोय, 2 लाखांपासून पुढे. मग एनईएफटी, म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्यात ट्रान्सफर, करा: बचत खात्यावरून ऑनलाइन पाठवलंत तर शुल्क शून्य, रविवारीही चालतं. तेच शाखेत फॉर्म भरून केलंत तर बँक 15 रुपये अधिक जीएसटी घेऊ शकते. आयएमपीएस ही दुसरी ट्रान्सफरची सोय, पैसे लगेच पोचतात, 5 लाखांपर्यंत. शुल्क मात्र बँकेगणिक वेगळं, आधी बघून घ्या.

खरी अडचण वेगळीच. नेटबँकिंगमध्ये पैसे घेणाऱ्याचं नवं खातं जोडल्यावर बऱ्याच बँका पहिले काही तास थोडीच रक्कम जाऊ देतात. म्हणून घरमालकांचं खातं आदल्या दिवशीच जोडा, एक रुपया पाठवा आणि मिळाला का, ते त्यांना फोन करून विचारा.