जुन्या लॉस एंजेलिसचा डिटेक्टिव्ह पिक्चर बघताय? या चुका टाळा

'डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस' बघून झाला की बरेच जण साधारण एकच गोष्ट बोलतात, की डेन्झेल वॉशिंग्टन भारी आहे, वातावरण मस्त पकडलंय, पण मर्डर मिस्ट्री जरा गुंतागुंतीची आहे आणि मध्येमध्ये ते काळे-गोरे प्रकरण येतं तिथं स्पीड कमी होतो. हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण ते काळे-गोरे प्रकरण काढून टाकलं तर या पिक्चरमध्ये मिस्ट्रीच उरत नाही. खून का झाला, कुणी कुणाला ब्लॅकमेल केलं, पोलिसांनी कुणाला उचललं, नायकाला हे काम मुळात मिळालंच का, सगळ्याचं उत्तर कातडीच्या रंगात आहे. म्हणून हे लिहितोय. नोआर, म्हणजे गुन्हा आणि काळोख्या वातावरणाच्या डिटेक्टिव्ह प्रकारातले माझे सगळ्यात लाडके पिक्चर मोजायला बसलो तर हा फार वर येईल आणि तो चुकीच्या पद्धतीनं बघून लोक हातचा घालवतात.

थोडी माहिती आधी देतो. १९९५ चा पिक्चर, दिग्दर्शक कार्ल फ्रँकलिन, वॉल्टर मोझ्लीच्या १९९० च्या कादंबरीवर बेतलेला, गोष्ट १९४८ च्या उन्हाळ्यातल्या लॉस एंजेलिसची. ईझी रॉलिन्स (डेन्झेल वॉशिंग्टन) हा दुसऱ्या महायुद्धातून परतलेला काळा सैनिक, मूळचा ह्यूस्टनचा, विमानाच्या कारखान्यातली नोकरी गेलीय, घराचे हप्ते थकलेत. ऑलब्राइट नावाचा एक गोरा माणूस त्याला पैसे देतो आणि डॅफ्नी मोने नावाची बाई शोधून दे म्हणतो. आणि हो, खाली शेवटापर्यंतची सगळी गोष्ट फोडलीय, त्यामुळे बघितला नसेल तर आधी बघून या.

ईझीला तयार डिटेक्टिव्ह समजू नका

आपल्या डोक्यात नोआर म्हटलं की ओव्हरकोट, हॅट, ऑफिसच्या दारावर काचेत लिहिलेलं नाव आणि कुठंही बिनधास्त घुसणारा खासगी डिटेक्टिव्ह असतो. ईझीकडं यातलं काही नाही. ना लायसन्स, ना ऑफिस, तो पिक्चरच्या सुरुवातीला बारमध्ये बसून पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती बघतोय. मग ऑलब्राइट त्याच्याकडंच का येतो, तर डॅफ्नीला काळ्यांच्या वस्तीतल्या क्लबांमध्ये जायची आवड आहे आणि तिथं गोरा माणूस जाऊन प्रश्न विचारायला लागला तर कुणी तोंड उघडणार नाही. म्हणजे ईझीचा रंग हीच त्याची पहिली क्वालिफिकेशन. आणि तोच रंग पुढच्या प्रत्येक ठिकाणी त्याच्या आड येतो.

त्यामुळे बघताना एक गोष्ट करा, ईझी कुठल्या दारातून आत जातो आणि आत गेल्यावर किती सैल किंवा आवळलेला दिसतो त्यावर नजर ठेवा. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर, म्हणजे काळ्यांच्या वस्तीतल्या मुख्य रस्त्यावर, तो रमतो, लोक त्याला नावानं ओळखतात, आणि मालिबूच्या धक्क्यावर तो नुसता उभा आहे, एक गोरी मुलगी आपणहून त्याच्याशी दोन शब्द बोलते, तेवढ्यावर गोऱ्या पोरांचं टोळकं अंगावर येतं. ऑलब्राइट येऊन पिस्तूल काढतो आणि त्यातल्या एका पोराची पार नाचक्की करतो. बरेच जण इथं खूश होतात, बरी जिरवली म्हणून. डेन्झेलचा चेहरा बघा तिथं. तो सुटल्यासारखा अजिबात दिसत नाही, उलट त्याला तिथंच कळतं की आपण ज्याचे पैसे घेतलेत तो माणूस या पोरांपेक्षा कितीतरी जास्त धोकादायक आहे. नंतर ईझी डॅफ्नीला गाडीत बसवून रात्री टेकड्यांमधल्या घराकडं जातो तेव्हाही तसंच, वरवर बघितलं तर नुसता ड्राइव्हचा सीन आहे पण काळा पुरुष, शेजारी गोरी दिसणारी बाई, गोऱ्यांची वस्ती, मागून पोलिसांची गाडी आली तर काय सांगणार. हे डोक्यात ठेवून बघितलं की तोच सीन घशाला कोरड पाडतो.

"पोलिसांकडं का जात नाही हा?"

हा प्रश्न ग्रुपमध्ये बघताना कुणीतरी विचारतंच. डॅफ्नीची मैत्रीण कोरेटा, तिचा खून झाल्यावर पोलिसच येतात की, ईझीलाच उचलतात, ठाण्यात मारतात, कारण आदल्या रात्री तो तिच्यासोबत होता एवढं त्यांना पुरतं. पुरावा शोधायची गरजच वाटत नाही त्यांना. त्यामुळे ईझीला खुनी शोधायचाय तो न्यायाच्या हौसेनं नव्हे, खुनी सापडला नाही तर गळफास आपल्या गळ्यात आहे हे त्याला माहितीय. हा मुद्दा निसटला तर त्याची सगळी धावपळ उगाच वाटते.

घराकडं दुर्लक्ष करणं, ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक

लोक प्रेतं मोजतात आणि घर विसरतात. ईझीचं ते छोटं घर, अंगण, झाडं, दर वेळी कुऱ्हाड घेऊन झाडं तोडायला येणारा तो वेडसर माणूस ज्याला ईझी हाकलत असतो, हे सगळं भरताड नाहीये. ईझी हे काम घेतो ते घराच्या हप्त्यासाठी. आता १९४८ साली काळ्या माणसाकडं लॉस एंजेलिसमध्ये स्वतःच्या मालकीचं घर असणं म्हणजे काय ते जरा समजून घ्या.

युद्धाच्या काळात टेक्सास, लुइझियानाकडून हजारो काळी कुटुंबं कॅलिफोर्नियात आली, विमान आणि जहाजांच्या कारखान्यात काम होतं म्हणून. १९४१ मध्ये रूझवेल्टनी हुकूम काढून संरक्षण उद्योगात वर्णभेद करायला बंदी घातली होती त्याचाही उपयोग झाला. लॉस एंजेलिस शहरात १९४० साली काळ्यांची लोकसंख्या सुमारे ६४ हजार होती ती १९५० पर्यंत १ लाख ७० हजारांच्या वर गेली. पण राहायचं कुठं? शहराच्या मोठ्या भागात घराच्या कागदपत्रांमध्येच अट असायची की हे घर गोऱ्यांशिवाय कुणाला विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही. मग सगळे सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूच्या आजूबाजूला दाटीवाटीनं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं मे १९४८ मध्ये सांगितलं की अशा अटी कोर्टाच्या जोरावर राबवता येणार नाहीत, म्हणजे गोष्ट घडते त्याच्या जेमतेम आधी. युद्धातून परतलेल्यांना घरासाठी कर्जाची सोय १९४४ च्या कायद्यानं कागदावर सगळ्यांना होती, पण कर्ज देणार बँक, आणि काळ्या सैनिकाला बँक दारात उभं करायची नाही. युद्ध संपलं, ऑर्डरी घटल्या, कारखान्यांनी माणसं कमी केली, त्यात काळे आधी गेले. ईझी नोकरी परत मागायला गेलाय तो सीन पुन्हा बघा, साहेब त्याच्याशी ज्या तऱ्हेनं बोलतो आणि ईझी आपलं पूर्ण नाव ठणकावून सांगतो, नोकरी मिळत नाही ती नाहीच पण नाव सोडत नाही.

एवढं कळलं की हप्ता थकणं हा छोटा प्रॉब्लेम राहत नाही. ते घर गेलं तर दुसरं मिळायची शाश्वती नाही. आणि म्हणूनच ऑलब्राइटची माणसं, पोलिस, जो येतो तो त्याच घरात बिनदिक्कत घुसतो तेव्हा जे वाटतं ते कुठल्याही गोळीबारापेक्षा जास्त लागतं.

डॅफ्नीला नेहमीची 'घातक सुंदरी' समजून मोकळे होऊ नका

निळा ड्रेस, सिगारेट, मंद आवाज, म्हणजे ही नायकाला फसवणार असा हिशोब आपण आधीच लावून बसतो आणि पिक्चर मुद्दाम तो लावू देतो. तिचं गुपित वेगळंच आहे, तिची आई क्रिओल, म्हणजे लुइझियानाकडची मिश्र वंशाची, वडील गोरे, आणि ती गोरी म्हणून जगतेय. शहराचा मेयर व्हायला निघालेला श्रीमंत टॉड कार्टर तिच्याशी लग्न करणार आहे आणि विरोधी उमेदवार टेरेलला तिचं मूळ कळलंय. यावर बऱ्याच जणांची प्रतिक्रिया असते की बस्स, एवढंच? यासाठी एवढे खून?

इथं तारीख बघा. कॅलिफोर्नियात गोऱ्या आणि काळ्या माणसाचं लग्न त्या उन्हाळ्यात कायद्यानं होऊच शकत नव्हतं. राज्याच्या सुप्रीम कोर्टानं तो कायदा रद्द केला १ ऑक्टोबर १९४८ ला, तोही ४ विरुद्ध ३ मतांनी. अख्ख्या देशात असे कायदे जायला १९६७ उजाडलं. म्हणजे डॅफ्नीचं गुपित फुटणं ही नुसती बदनामी नव्हती, कार्टरचं राजकारण तर संपलंच असतं पण लग्नाचा अर्जसुद्धा स्वीकारला गेला नसता. टेरेल लहान मुलांवर अत्याचार करणारा माणूस आहे, त्याचे फोटो डॅफ्नीकडं आहेत, आणि तरी शेवटपर्यंत दोन्ही गुपितं एकाच तराजूत तोलली जातात, किंबहुना बाईचं काळं असणं हेच जास्त जड पडतं. शेवटी कार्टर तिच्यावर प्रेम असूनही तिला सोडतो. मला पिक्चरमधली सगळ्यात क्रूर गोष्ट हीच वाटते, आणि ती करणारा माणूस सभ्य आहे, रडवेला आहे, पैशांनी मदत करायला तयार आहे.

आणि १९४० च्या दशकातल्या खऱ्याखुऱ्या नोआर पिक्चरमध्ये ही गोष्ट का नाही असंही कुणी विचारतं, तर हॉलिवूडची स्वतःची नियमावली होती, १९३४ पासून कडक राबवलेली, तिच्यात काळ्या-गोऱ्यांमधले प्रेमसंबंध पडद्यावर आणायलाच मनाई. त्या पिक्चरांमध्ये काळी माणसं दिसायची ती हमाल, बूटपॉलिशवाला, फार तर क्लबमधली गाणारी. फ्रँकलिननं त्याच कॅमेऱ्याची दिशा फिरवलीय, आता क्लबच्या आतून बाहेर बघतोय आपण.

जातीशी तुलना करा, पण डोळे उघडे ठेवून

मराठी माणसाला डॅफ्नीची गोष्ट कळायला खरंतर अवघड जाऊ नये. बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ सालची, त्यात नोकरीच्या गावी जात लपवून खोली घेणारा नायक आहे आणि उघड झाल्यावर त्याला मार खावा लागतो. ती वाचलेल्या माणसाला डॅफ्नी 'खोटारडी' वाटणार नाही. आजही घर भाड्यानं घेताना आडनाव विचारतात ते कशासाठी, हे वेगळं सांगायला नको. दलित पँथरनं १९७२ मध्ये नाव घेताना अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडं बघितलं होतं, तो धागा उगाच जोडलेला नाही.

पण "म्हणजे आपल्यासारखंच की" म्हणून विषय मिटवायचा नाही. ईझीला काहीच लपवता येत नाही, रस्त्यावर पाऊल टाकल्याबरोबर समोरच्यानं निकाल लावलेला असतो, त्याची सगळी हुशारी त्यानंतर सुरू होते. डॅफ्नीला लपवता येतं आणि त्याची किंमत म्हणून स्वतःच्या रक्ताच्या भावाला, फ्रँकला, लोकांसमोर भाऊ म्हणता येत नाही. या दोघांमधला फरक पिक्चरनं किती शांतपणे मांडलाय ते तुलनेच्या घाईत निसटतं.

बघण्याची सेटिंग

हे पटकन सांगतो. टाक फुजिमोटोचं छायाचित्रण आहे, उबदार तपकिरी उजेड आणि रात्रीचे खूप सीन. मोबाईलवर दुपारी बघितला तर अर्ध्या फ्रेममध्ये नुसता काळोख दिसणार, मग लोक ब्राइटनेस फुल करतात आणि सगळं राखाडी होतं. टीव्हीवर बघा, खोलीत अंधार करा, व्हिविड मोड बंद करून सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा, आणि ते मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारं सेटिंग) आधी बंद करा, नाहीतर १९४८ चं शहर डेली सोपसारखं दिसतं. डब केलेली कॉपी नको. दक्षिणेकडचा लहेजा भराभर येतो म्हणून इंग्लिश सबटायटल चालू ठेवा, नावं खूप आहेत आणि एकदा जॉपी, ज्युनियर, फ्रँक, ड्युप्री यांच्यात गोंधळ झाला की पुढं सगळंच चुकत जातं. तरी गोंधळ झालाच तर थांबवून रिवाइंड करत बसू नका, ईझीला स्वतःला तेव्हा जेवढं कळलंय तेवढंच तुम्हाला कळलं तरी पुरेसं आहे.

फ्लॉप होता म्हणून टाळू नका हेही सांगतो, थिएटरमध्ये खर्चही निघाला नव्हता हे खरंय, पण त्यावरून काही ठरवायचं कारण नाही.

माउसला कॉमेडी म्हणून हसून सोडू नका

डॉन चीडलचा माउस, म्हणजे ईझीचा ह्यूस्टनचा जुना मित्र, पिक्चर जवळपास अर्ध्यावर आल्यावर येतो आणि सगळं खिशात घालतो, लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी त्याला त्या वर्षीचा सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार दिला पण ऑस्करचं साधं नामांकनसुद्धा मिळालं नाही, याचा मला अजून राग येतो. सोन्याचा दात, भडक कपडे, पिस्तूल काढायची घाई, लोक हसतात आणि हसणं बरोबरच आहे, चीडल हसवतोच. पण ईझी त्याला जॉपीवर, म्हणजे ईझीच्या ओळखीच्या बारमालकावर, लक्ष ठेवायला सांगून जातो आणि परत येतो तर माउसनं जॉपीला गळा दाबून मारलेलं असतं, आणि वर तो विचारतो की मारायचा नव्हता तर माझ्याकडं सोपवलास कशाला. या वाक्यावर हशा पिकतो. ग्रुपमध्ये बघत असाल तर इथं थांबून बोला, कारण प्रश्न चोख आहे. ईझीला माउस कोण आहे ते ह्यूस्टनपासून माहितीय, त्यानं स्वतः बोलावून घेतलंय त्याला. पोलिस आपले नाहीत, कोर्ट आपलं नाही, अशा ठिकाणी चांगल्या माणसाला जिवंत राहायला माउस लागतो, आणि कोरेटाला जॉपीनंच मारलं होतं हे खरं असलं तरी जॉपीचा मृतदेह ईझीच्याही हिशोबात धरला जाणार. शेवटी व्हरांड्यात ईझी ओडेल या मित्राला हेच विचारतो, की एखादा मित्र वाईट कामं करतो हे माहीत असून मैत्री ठेवणं चूक आहे का. ओडेलचं उत्तर ऐकून लोक लगेच भावुक होतात. माझं म्हणणं, ते उत्तर लगेच मान्य करू नका, ईझीनंही पूर्ण मान्य केलंय असं डेन्झेलच्या चेहऱ्यावरून मला तरी दिसत नाही.