सार्वजनिक निधीतून विग कसा मागावा : नागपूरच्या रुग्णांसाठी

केमोथेरपीने केस गेलेल्या रुग्णाची गरज कोणालाही लगेच पटते, पण चाईने (केस चकत्यांनी गळण्याच्या आजाराने) डोके पूर्ण उघडे पडलेल्या तरुणीला तोच विग हौस म्हणून नाकारला जातो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 प्रकारांत आम्लहल्ल्यातील पीडित आहेत, चाईचे रुग्ण नाहीत. असमानता केवळ आपल्याकडेच आहे असेही नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत स्कॉटलंड व वेल्समध्ये विग विनाशुल्क मिळतो, इंग्लंडमध्ये मात्र सवलतीस पात्र नसलेल्यांना शुल्क भरावे लागते.

म्हणून सगळा भर कागदावर द्यावा. मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात तपासणी झाल्यावर नुसते ‘केस गळतात’ एवढ्यावर न थांबता निदानाचे नाव, आजाराचा कालावधी, केस परत येण्याची शक्यता आणि ‘विगची आवश्यकता आहे’ हे वाक्य डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. या शेवटच्या वाक्याशिवाय अर्जाला आधार राहत नाही. केमोथेरपीच्या रुग्णांनी हे पहिल्या डोसआधीच उरकावे, कारण केस साधारण दोन ते तीन आठवड्यांत गळू लागतात, आणि रंग जुळवण्यासाठी स्वतःच्या केसांची एक बट जपून ठेवावी.

महात्मा फुले जन आरोग्य योजना ठरलेल्या पॅकेजवर चालते, तेव्हा त्यात विग बसतो का, हे आरोग्यमित्राला (योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसाला) विचारावे. बसत नसल्यास रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांकडे शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि दरपत्रकासह अर्ज देऊन पोच घ्यावी. दरपत्रक हलक्या, हवेशीर जाळीच्या विगचे घ्यावे. नागपूरच्या मे महिन्यात जाड विग कपाटातच राहतो.

तोंडी नकार स्वीकारू नये. लेखी उत्तर मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात 10 रुपये शुल्क भरून अर्ज करावा (दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना शुल्क माफ आहे). राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा. ‘मला विग का नाही?’ असा प्रश्न टाळून गेल्या तीन वर्षांत कोणत्या निदानांसाठी विग दिले, कोणत्या निधीतून दिले आणि त्याचा निकष कोणता, याच्या नोंदींच्या प्रती मागाव्यात. इतर रुग्णांची नावे मागू नयेत. उत्तराची मुदत 30 दिवसांची असते, आणि ती उलटल्यास पुढील 30 दिवसांत प्रथम अपील करता येते.