चाच्यांची काळजी वाटते? मग आधी मालक कोण ते बघा

डीएनएस (अधिकारी होण्याचा डिप्लोमा) किंवा जीपी रेटिंग (खलाशाचा कोर्स) संपवून पहिल्या जहाजाची वाट बघणारी मुलं हमखास विचारतात, सोमालियाचं काय? धोका आहे, तो नाही असं मी सांगणार नाही. 2012 नंतर तिकडे बऱ्यापैकी शांतता होती. शिपिंग संघटनांनी 1 जानेवारी 2023 पासून हिंदी महासागरातला ‘हाय रिस्क एरिया’, म्हणजे चाच्यांचा धोका जास्त धरलेला पट्टाही, काढून टाकला, आणि त्याच डिसेंबरात ‘एमव्ही रुएन’ हे जहाज पळवलं गेलं. मार्च 2024 मध्ये आपल्या नौदलाच्या आयएनएस कोलकाता आणि मार्कोस कमांडोंनी ते सोडवलं. 17 खलाशी सुखरूप सुटले, 35 चाचे पकडून मुंबईत आणले.

नौदल आहे, हा आधार खरा आहे. पण दुखणं जमिनीवरचं आहे. 1991 मध्ये सोमालियातलं सरकार कोसळलं, किनाऱ्याला राखणदार उरला नाही, परदेशी ट्रॉलर मासळी उपसून नेऊ लागले, आणि होडी हाकता येणाऱ्या बेकार पोरांना बंदुका आणि पैसे पुरवणारे भेटले. गस्तीने यातलं काहीच बदलत नाही. गिनीच्या आखाताची तऱ्हा वेगळी, तिथे माणसंच उचलून नेतात. सिंगापूरच्या सामुद्रधुनीत बहुतेकदा रात्री चढून इंजिनचे स्पेअर्स चोरतात.

चाच्यांना संथ आणि पाण्यालगत डेक असलेलं जहाज सोपं जातं. 18 नॉट्सच्या (ताशी साधारण 33 किमी) वर पळणाऱ्या जहाजावर चढणं फार कठीण. आता असं संथ, जुनं, डागडुजी न केलेलं जहाज नवख्याच्या वाट्याला कसं येतं? एजंटकडून. मी त्यातच अडकलो होतो, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

एजंटच्या ऑफिसात भिंतीवर आरपीएसएलचं, म्हणजे खलाशी भरती करण्याचं सरकारी लायसन्स फ्रेम करून लावलेलं होतं. ते दुसऱ्याच कंपनीचं होतं, ‘टाय-अप आहे’ म्हणाला. ट्रेनिंगच्या नावाखाली पैसे घेतले, रोख, पावती नाही. करार विमानतळावर हातात पडला आणि त्यावर तिसरंच नाव. जहाजावर चाचे चढू नयेत म्हणून लावायची रेझर वायर (धारदार काटेरी तार) फक्त मागच्या बाजूला, एक पदर, तोही गंजलेला. सिटाडेल, म्हणजे चाचे चढले तर सगळ्यांनी आत कोंडून घ्यायची सुरक्षित खोली, आमच्याकडे सुकाणूच्या यंत्रांची स्टिअरिंग गिअर रूमच होती. ड्रिलला सगळे आत गेलो, दार लावलं, हायड्रॉलिक तेलाच्या वासाने डोकं उठलं. सॅटेलाइट फोनची अँटेना बाहेर काढलेलीच नव्हती, त्यामुळे सिग्नल शून्य. पाण्याचे कॅन रिकामे. फोटो निघाला, रजिस्टरवर सही झाली, ड्रिल संपलं. एडनचं आखात आम्ही तसंच पार केलं.

आमच्यावर कुणी आलं नाही. पण ‘आइसबर्ग 1’ हे जहाज मार्च 2010 मध्ये एडनजवळ पळवलं गेलं, मालकाने हात वर केले, आणि त्यावरची माणसं डिसेंबर 2012 मध्ये सुटली. त्यांत आपले भारतीयही होते. ओलीस धरल्यावर किती दिवस राहायचं, हे बरंचसं मालकावर ठरतं. एमएलसी या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे ओलीस असतानाही पगार चालू राहतो, पण तो द्यायला मालक जागेवर हवा ना!

म्हणून तीन नावं जुळवा: लायसन्सवरचं, करारावरचं आणि ऑफर लेटरमधल्या मॅनेजरचं. लायसन्स नंबर डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या साइटवर स्वतः टाकून बघा, भिंतीवरच्या फ्रेमवर विसंबू नका. जहाजाचा आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक) मागा आणि इक्वेसिस या जहाजांच्या माहितीच्या साइटवर फुकट शोधा. मालक, विमा, कुठल्या बंदरात किती वेळा अडकवलं, बरंच काही दिसतं. नंबर द्यायला एजंटने टाळाटाळ केली, तर तिथूनच उठा. नोकरी लावायला खलाशाकडून पैसे घेणं बेकायदा आहे, ‘सगळेच देतात’ हे ऐकून घेऊ नका.

घाबरून लाइन सोडू नका. चांगल्या कंपनीच्या जहाजावर लुकआउट (पहारा) वाढवतात, यूकेएमटीओ या जहाजांवर लक्ष ठेवणाऱ्या ब्रिटिश केंद्राला रिपोर्टिंग होतं, सिटाडेलमधला फोन खरोखर लावून बघतात. तिथे एखादा जुना बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) गाठा. माझ्या मते व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या दहा कॅप्टनपेक्षा तो जास्त शिकवतो, कारण चाचे नेमके कुठून चढतील ते तो रेलिंगपाशी उभं करून दाखवतो. सिटाडेलमध्ये शिरताना माणसं मोजा. एक जण जरी बाहेर राहिला, तरी चाच्यांच्या हाती ओलीस लागतो, आणि मग आतल्यांना दार उघडावंच लागतं.

आणि जहाजावर चढल्यावर पहिल्याच दिवशी एमएलसीचं विम्याचं सर्टिफिकेट शोधा. ते सगळ्यांना दिसेल असं लावणं बंधनकारक आहे, त्यावर विमा देणाऱ्याचा संपर्क असतो. फोटो काढून घरी पाठवा, आईबाबांना तो प्रिंट काढून ठेवायला सांगा. नसेल लावलेलं, तर पुढचं बंदर सोडण्याआधी मास्टरला विचारा.