जर्मन दिवाणी कायदा वाचायला शिकताना: आधी कलम, मग निकाल

भारतात एलएलबी करून जर्मनीत एलएलएमला आलेला विद्यार्थी पहिल्या आठवड्यात एक गोष्ट हमखास करतो. प्रश्न हातात पडला की जुळता निकाल शोधायला बसतो. आपल्याकडे ते बरोबरच आहे. राज्यघटनेच्या कलम १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक असतो, म्हणून ‘या मुद्द्यावर केस आहे का’ हा वकिलाचा पहिला प्रश्न. जर्मनीत हीच सवय नडते. तिथे उत्तराची सुरुवात कलमाने झाली नाही, तर निष्कर्ष अचूक असूनही गुण जातात. कारण तपासणाऱ्याला निष्कर्षापेक्षा तिथवर पोचण्याची वाट पाहायची असते.

ही वाट बीजीबी या नागरी संहितेतून जाते. जर्मन उच्चार बे-गे-बे. १८९६ मध्ये मंजूर झालेली आणि १ जानेवारी १९०० पासून लागू असलेली ही संहिता § (म्हणजे कलम) २३८५ पर्यंत जाते. तिचे पाच भाग आहेत, त्यांना ‘पुस्तके’ म्हणतात: सर्वसाधारण भाग, ऋण-दायित्वांचा म्हणजे करार-नुकसानभरपाईचा कायदा, वस्तू आणि मालकी, कुटुंब, वारसा. रचनेचे तत्त्व शाळेतल्या बीजगणितासारखे आहे: जे सामाईक आहे ते कंसाबाहेर काढून आधी ठेवायचे. त्यामुळे खरेदीचा एक साधा प्रश्न तीन ठिकाणी विखुरलेला असतो. प्रस्ताव-स्वीकृती § १४५ पासून, अज्ञान म्हणजे अल्पवयीन व्यक्तीचे व्यवहार § १०४ पासून, हे पहिल्या पुस्तकात. करारभंगाचे सर्वसाधारण नियम § २८० आणि § ३२३ च्या आसपास. खुद्द खरेदीचा करार § ४३३ ला. एकच कलम उघडून उत्तर मिळेल या आशेवर बसलेला माणूस इथे अडकतो.

आधी संदर्भ वाचायची पद्धत पक्की करा. कलमाच्या आत ‘आबझाट्झ’ म्हणजे उपकलम, त्यात ‘झाट्झ’ म्हणजे वाक्य, आणि यादी असेल तर ‘नुमर’. वाक्याचा क्रमांक बहुतेक छापील प्रतींत नसतो. तो तुम्ही स्वतः मोजायचा. हे किरकोळ वाटते, पण पुष्कळदा सगळा वाद एका वाक्यावर टिकलेला असतो. § २८० उपकलम १ पाहा. पहिले वाक्य सांगते की ऋणकोने (ज्याच्यावर दायित्व आहे त्याने) दायित्वाचा भंग केला तर धनको (ज्याला ते मागण्याचा हक्क आहे तो) नुकसानभरपाई मागू शकतो. दुसरे सांगते की भंगाला ऋणको जबाबदार नसेल तर हे लागू नाही. या नकारार्थी मांडणीमुळे पुराव्याचा भार फिरतो: ‘माझी चूक नव्हती’ हे ऋणकोने सिद्ध करायचे, धनकोने नाही. ‘एस झाय डेन’ (‘...असे नसेल तर’) हे शब्द दिसले तरी तेच. हे ओळखायला शिकलात की अर्धे कलम आपोआप उलगडते.

काही शब्द मुद्दाम घोटून ठेवावेत. ‘ग्रुंडझेट्झलिश’चा अर्थ ‘पूर्णपणे’ असा नाही. कायद्याच्या मजकुरात तो दिसला की अपवाद जवळच कुठेतरी आहे असे समजा. ‘उनफरत्स्युगलिश’ म्हणजे ‘ताबडतोब’ नव्हे, तर ‘स्वतःच्या दोषामुळे विलंब न लावता’. ही व्याख्या § १२१ मध्येच दिली आहे. ‘इम त्स्वायफेल’ म्हणजे पक्षांनी वेगळे ठरवले नसेल तर चालणारा नियम. आणि ‘लाय’ हा शब्द बोलीत भाड्याने घेण्यालाही वापरतात, पण संहितेत तो फक्त फुकट वापरायला दिलेल्या वस्तूसाठी आहे. शब्दकोशावर विसंबून राहिलेले भाषांतर इथे दगा देते.

आता एक उदाहरण जवळून बघू. विद्यार्थिनी दुकानातून ३०० युरोंना जुनी सायकल घेते, दोन महिन्यांत फ्रेमला तडा जातो, दुकानदार हात वर करतो. सुरुवात नेहमी एका प्रश्नाने होते: कोणाला, कोणाकडून, काय, कशाच्या आधारे हवे आहे? तिला पैसे परत हवेत. आधार: § ३४६, § ४३७ नुमर २, § ३२३ यांची साखळी. पायरी पहिली, § ४३३ चा करार झाला का. दुसरी, § ४३४ प्रमाणे वस्तूत दोष होता का, आणि तो ताबा देतानाच होता का (§ ४४६). दोन महिन्यांनी दिसलेला तडा त्या दिवशी होता हे ती कसे सिद्ध करणार? इथे § ४७७ मदतीला येते: व्यावसायिकाकडून ग्राहकाने घेतलेल्या वस्तूत एका वर्षाच्या आत दोष दिसला, तर तो आधीपासून होता असे गृहीत धरतात. २०२२ पूर्वी ही मुदत सहा महिने होती. तिसरी पायरी, दुकानदाराला दुरुस्ती किंवा बदली वस्तू देण्याची संधी मिळाली का (§ ४३९). चौथी, § ३४९ प्रमाणे करारातून माघार जाहीर केली का. मग § ३४६: सायकल परत, पैसे परत.

नवखे इथे एक चूक सतत करतात. § ३२३ म्हणते की माघारीपूर्वी वाजवी मुदत द्यायला हवी; ते लिहून ते पुढे जातात. पण ग्राहक-खरेदीत § ४७५ड आहे. ते म्हणते की दोष कळवल्यावर वाजवी काळ उलटला तरी पुरे, वेगळी मुदत ‘देण्याची’ गरज नाही. विशेष कलम सर्वसाधारण कलमाला बाजूला सारते, आणि ते पुष्कळदा पाच-पन्नास कलमे लांब बसलेले असते. म्हणून सवय अशी ठेवा: उत्तर सापडल्यासारखे वाटले की त्या प्रकरणाचा शेवटपर्यंतचा मजकूर चाळायचा. तीच सायकल दुसऱ्या विद्यार्थ्याकडून घेतली असती तर § ४७४ पासूनची सगळी ग्राहक-कलमे गळतात. ‘कोणतीही जबाबदारी नाही’ ही अट तेव्हा साधारणपणे टिकते, मात्र विकणाऱ्याने दोष कपटाने लपवला असेल तर § ४४४ ती तोडते.

आपल्या माणसाला सर्वांत जड जाणारी गोष्ट वेगळीच आहे: करार आणि मालकी यांची फारकत. आपल्या १९३० च्या माल-विक्री कायद्याच्या कलम २० प्रमाणे ठरावीक, देण्यायोग्य अवस्थेतल्या मालाची बिनशर्त विक्री ठरली की मालकी करारानेच जाते. जर्मनीत खरेदीचा करार फक्त बांधून घेतो. मालकी जाते § ९२९ ने, म्हणजे ‘ही तुझी झाली’ या वेगळ्या सहमतीने आणि ताब्याने. बेकरीत एक पाव घेताना कायद्याच्या दृष्टीने तीन व्यवहार होतात: खरेदी, पावाची मालकी, नाण्यांची मालकी. हे कीस पाडणे नाही. खरेदीचा करार रद्दबातल ठरला तरी मालकीचा व्यवहार स्वतंत्रपणे उभा राहू शकतो. मग विक्रेत्याला ‘माझी वस्तू’ म्हणून नव्हे, तर § ८१२ खाली ‘विनाकारण मिळालेला लाभ परत कर’ म्हणून मागावे लागते. मधल्या काळात खरेदीदाराने ती तिसऱ्याला विकली, तर तिसरा बहुधा सुरक्षित. जमिनीचे तर आणखी कडक: करार नोटरीसमोर (§ ३११ब), हस्तांतराची सहमती वेगळी (§ ९२५), आणि जमीन-नोंदवहीत नोंद झाल्याशिवाय मालकी नाही (§ ८७३).

प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यात मिळणारा मोबदला, मात्र शोधू नका. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २५ डोक्यात घट्ट बसलेले असते, पण बीजीबीत प्रतिफलाची अटच नाही. त्याच्या जागी काही ठिकाणी स्वरूपाची अट येते. नुसत्या भेटीच्या वचनाला नोटरी लागतो (§ ५१८). स्वीकृतीचे पत्र टपालात टाकले की प्रस्ताव मांडणारा बांधला गेला, हा आपला नियमही तिथे नाही. § १३० प्रमाणे पत्र समोरच्यापर्यंत पोचले पाहिजे.

आता उगमांची उतरंड. सगळ्यात वर राज्यघटना, युरोपीय कायदा, मग संघीय कायदे, आणि जोडीला रूढी. निकाल या यादीत अधिकृतपणे नाहीत. जर्मन घटनेच्या कलम ९७ प्रमाणे न्यायाधीश फक्त कायद्याला बांधील. कार्ल्सरुहेच्या बुंडेसगेरिश्ट्सहोफचा, म्हणजे बीजीएच या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा, निर्णय दुसऱ्या खटल्यात खालच्या न्यायालयाला औपचारिकरीत्या बांधत नाही. घटना न्यायालयाचे निर्णय अपवाद आहेत, ते बंधनकारक असतात. पण एवढे वाचून ‘निकालांना किंमत नाही’ असा अर्थ काढलात तर फसाल. वकील बीजीएचच्या ठाम मताकडे दुर्लक्ष करून अशिलाला सल्ला देत नाही.

हे सगळे उगम एकमेकांवर कसे आदळतात ते फरशीच्या खटल्यात स्वच्छ दिसते. एका ग्राहकाने सुमारे १,३८२ युरोंच्या फरश्या घेतल्या. दोन-तृतीयांश बसवून झाल्यावर त्यांवर न निघणाऱ्या छटा दिसल्या. काढून नव्या बसवायला सुमारे ५,८३० युरो लागणार होते. हा काढण्या-बसवण्याचा खर्च विक्रेत्याचा का? § ४३९ त्याबद्दल गप्प होते, आणि विक्रेत्याचा दोष नसेल तर नवे बसवण्याचा खर्च त्याच्यावर येत नाही, असे बीजीएचने २००८ मध्ये लाकडी फरशीच्या एका प्रकरणात म्हटले होते. पण हे कलम युरोपीय निर्देशातून, म्हणजे सदस्य देशांनी आपल्या कायद्यात उतरवायच्या युरोपीय नियमातून, आलेले. म्हणून बीजीएचने प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे पाठवला. १६ जून २०११ ला (सी-६५/०९) उत्तर आले: ग्राहकाला तो खर्च विक्रेत्याने द्यावा. बीजीएचने कलमाचा अर्थ त्याप्रमाणे वळवला, पण २०१२ मध्ये सांगितले की हे फक्त ग्राहक-खरेदीपुरते, दोन व्यावसायिकांमध्ये नाही. एकाच कलमाचे दोन अर्थ! अखेर संसदेने १ जानेवारी २०१८ पासून § ४३९ मध्ये उपकलम ३ घालून तो खर्च सगळ्याच विक्रेत्यांवर टाकला. २०१६ चे पाठ्यपुस्तक हातात धरणारा विद्यार्थी इथे सपशेल चुकतो, आणि त्यात त्याच्या बुद्धीचा दोष नसतो, आवृत्तीचा असतो.

घटना करारात कशी शिरते ते पाहायला १९ ऑक्टोबर १९९३ चा घटना न्यायालयाचा जामिनाचा निर्णय वाचा. तुटपुंज्या कमाईच्या २१ वर्षांच्या मुलीने वडिलांच्या कर्जासाठी १,००,००० मार्कांचा जामीन दिला होता. न्यायालयाने सांगितले की एका बाजूची कमजोरी इतकी ढळढळीत असेल, तर दिवाणी न्यायाधीशाने § १३८ (सदाचार) आणि § २४२ (सद्भाव) वापरून करार तपासलाच पाहिजे. ही दोन मोघम कलमे म्हणजे घटनेचे दरवाजे. पण सुरुवातीलाच § २४२ वर उडी मारू नका. आधीची सगळी कलमे संपल्यावरच तिथे जायचे.

रूढीचा उगम आज अरुंद आहे. दशकानुदशके वापरलेल्या वाटेवर शेजाऱ्यांनी रूढीने हक्क सांगितला, तेव्हा बीजीएचने जानेवारी २०२० मध्ये म्हटले की मोजक्या शेजाऱ्यांमध्ये असा रूढीचा कायदा जन्मत नाही.

साधने. कायद्यांचा चालू मजकूर न्याय मंत्रालयाच्या ‘गेझेट्झे इम इंटरनेट’ या संकेतस्थळावर फुकट आहे, बीजीबीचे इंग्रजी भाषांतरही. भाषांतर समजून घ्यायला वापरा, उद्धृत करायला नको. ते मागे पडलेले असू शकते. मूळ राजपत्र २०२३ पासून इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच अधिकृत आहे. बीजीएचचे २००० नंतरचे निर्णय न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. निर्णयाच्या क्रमांकात रोमन आकडा खंडपीठाचा, मग अक्षरे, मग अनुक्रमांक आणि वर्ष; आठवे खंडपीठ दिसले तर बहुधा खरेदी किंवा घरभाडे. भाष्यग्रंथांत एक खंडाचा ‘ग्र्युनेबर्ग’ रोजच्या वापराचा. जुनी मंडळी त्याला ‘पालांट’ म्हणतात, कारण २०२१ मध्ये नाझी राजवटीशी जोडलेले ते नाव प्रकाशकाने बदलले. कायदेसंग्रहाचा ‘शोनफेल्डर’ही तसाच ‘हाबरझाक’ झाला. ग्रंथालयात दोन्ही नावांनी शोधा. भाष्यात ‘हा.एम.’ म्हणजे प्रचलित मत, ‘आ.आ.’ म्हणजे विरुद्ध मत. प्रचलित मत म्हणून सोडून द्यायचे नाही; दोन्हींचे युक्तिवाद लिहून बाजू घ्यायची.

गोव्यात वकिली केलेल्यांना हे वळण थोडे सोपे जाते. १८६७ ची पोर्तुगीज संहिता तिथे कुटुंबाच्या बाबतीत अजून जिवंत आहे, वारशाच्या बाबतीत २०१६ पर्यंत होती, आणि संहितेतून विचार करण्याची सवय हाताला असते. फक्त ती फ्रेंच वळणाची, म्हणून मालकीच्या वेगळ्या व्यवहाराची जर्मन कल्पना तिथून मिळणार नाही.

पहिले दोन आठवडे भाष्यग्रंथ बंद ठेवा. रोज एक छोटा प्रश्न घ्या आणि फक्त संहितेवरून चार पायऱ्यांत लिहा: गृहीतक, व्याख्या, तथ्यांना व्याख्या लावणे, निष्कर्ष. सराव स्वतःच्या घरभाड्याच्या करारावर करता येईल. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त नाही आणि तीन हप्त्यांत देता येते (§ ५५१). घर सोडण्याची नोटीस लेखी आणि सहीची, ईमेल चालत नाही (§ ५६८, § १२६). ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचली तर त्यापुढच्या दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस करार संपतो (§ ५७३क). चौथ्या दिवशी पोचली, तर एका महिन्याचे भाडे जादा.