कूलरच्या ताट्यांवर क्षार बसू नयेत म्हणून

होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलरवरची ताडपत्री निघते, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागेपर्यंत ताट्या (कूलरच्या बाजूंच्या, पाण्याने भिजणाऱ्या जाळ्या) पांढऱ्या पडलेल्या असतात. मागच्या मे महिन्यात आमच्या कूलरची एक ताटी काढून पाहिली, तर वुडवूलचे, म्हणजे लाकडाच्या किसाचे, धागे शेवयांसारखे कडकड मोडत होते. पंप चालू, पंखा चालू, तरी हवा गरमच!

कूलरमधून वाफ होऊन उडतं ते नुसतं पाणी. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार टाकीत आणि ताट्यांवर राहतात. लिटरमागे 300 मिलिग्रॅम क्षार असलेलं 50 लिटर पाणी रोज उडालं, तर दिवसाला 15 ग्रॅम आणि महिन्याला 450 ग्रॅम क्षार मागे उरतात. आपण वरून नुसती भर घालत राहतो, म्हणून टाकीतलं पाणी दिवसेंदिवस जड होत जातं.

त्यामुळे सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे टाकी रिकामी करणं. बोअरचं पाणी असेल तर दर दोन-तीन दिवसांनी आणि पेंच-कन्हानचं नळाचं पाणी असेल तर आठवड्यातून एकदा तरी तळाचं बूच काढून सगळं पाणी सोडून द्या. तळ आणि कडा फडक्याने घासून कोरड्या पुसा. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटलेली असतात, तीही घासून निघतात.

हात घालण्याआधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. पत्र्याच्या कूलरचा शॉक जीवावर बेततो, म्हणून अर्थिंगही तपासून घ्या.

मग ताटीवर पाणी सोडणारी वरची पन्हळ पाहा. तिची छिद्रं बुजली की ताटीवर कोरडे पट्टे पडतात आणि क्षार आधी तिथेच धरतो. बारीक तारेने एकेक छिद्र मोकळं करा. ताटी वरपासून खालपर्यंत सारखी भिजली पाहिजे.

पंपावर पांढरी खपली दिसली तर एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व विरघळवा, त्यात पंपाची जाळी आणि पाण्याची नळी अर्धा तास बुडवून ठेवा. बुडबुडे येऊन थर सुटतो, उरलेला जुन्या टूथब्रशने निघतो. नंतर साध्या पाण्याने धुवा. संडास साफ करायचं ॲसिड मात्र कूलरला लावू नका, त्याने पत्र्यावरचं जस्त खाल्लं जातं.

कडक झालेली वुडवूलची ताटी धुण्यात वेळ घालवू नका, सरळ बदला. हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं असलेली ताटी असेल तर मऊ ब्रशने वरून खाली हलकेच घासा.

तुरटी फिरवून काही होत नाही. तिने गढूळपणा तळाला बसतो, विरघळलेले क्षार पाण्यातच राहतात. वाया जाऊ नये म्हणून आरओचं टाकाऊ पाणी कूलरमध्ये ओतणारी घरंही बरीच आहेत, पण ते मूळ पाण्यापेक्षा जास्त खारं असतं. त्याने अंगण धुवा. कूलरमधून काढलेलं पाणीही अंगणालाच वापरा, तुळशीला घालू नका.